अमानत आणि कायदा



आपण शाळेच्या इमारतीसाठी देणगी देतो, पावती घेतो आणि घरी जातो. त्यानंतर ती रक्कम कोणाची? आपली राहिली नाही, हे उघड आहे. पण ती अध्यक्षांची किंवा सेक्रेटरींचीही होत नाही. ती मुलांसाठी ठेवलेली अमानत असते. अशी अमानत सांभाळणाऱ्याला कायदा विश्वस्त म्हणतो. मी वकील नाही, शिक्षक आहे. म्हणून हा विषय सोप्या शब्दांत मांडतो.

विश्वस्तांवर दोन प्रकारचे कायदे चालतात. एक, विधिमंडळाने केलेले लेखी कायदे. दुसरा, न्यायाधीशांनी पिढ्यानपिढ्या निकालांतून घडवलेला कायदा.

प्रथम लेखी कायदा पाहू. महाराष्ट्रात १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली शिक्षणसंस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते. त्यामुळे संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत कळवावे लागते. जमीन विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागते.

पण कागद व्यवस्थित असले म्हणजे मन साफ असतेच असे नाही. येथे न्यायाधीशांचा कायदा उपयोगी पडतो. १७२६ साली इंग्लंडमध्ये एक खटला झाला. एका विश्वस्ताकडे अज्ञान मुलाच्या वतीने रॉमफर्ड येथील बाजाराचा पट्टा होता. मुदत संपल्यावर मालकाने मुलाच्या नावे पट्टा देण्यास नकार दिला, तेव्हा विश्वस्ताने तो स्वतःच्या नावे घेतला. त्याने लबाडी केल्याचे सिद्ध झाले नव्हते. तरीही न्यायालयाने सांगितले, हा पट्टा मुलाचाच. विश्वस्ताने आपल्या पदाचा फायदा स्वतःसाठी घ्यायचा नाही.

हे तत्त्व आपल्याकडे १८८२ च्या भारतीय ट्रस्ट कायद्यात कलम ८८ मध्ये आले. तो कायदा खाजगी ट्रस्टसाठी आहे. वक्फ व धर्मादाय देणग्या त्याच्या पहिल्याच कलमात वगळल्या आहेत. म्हणून सार्वजनिक संस्थेच्या विश्वस्तांना मोकळे रान मिळाले काय? मुळीच नाही. त्यामागची तत्त्वे न्यायालये त्यांनाही लावतात.

न्यायाधीशांचेही कधी चुकते. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने कुटुंबासाठी केलेला एक वक्फ रद्द ठरवला, कारण त्यात गरिबांचा हक्क फार दूरचा होता. समाजात असंतोष पसरला. अखेर बॅरिस्टर जिना यांनी मांडलेल्या विधेयकातून १९१३ चा कायदा झाला आणि असे वक्फ वैध ठरले. म्हणजे निकालाची चूक लेखी कायद्याने दुरुस्त केली.

उलट, लेखी कायद्यातील शब्दांचा अर्थ न्यायालयालाच लावावा लागतो. मुसलमानांनी स्थापन केलेला प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट वक्फ असतो काय, हा प्रश्न महाराष्ट्रात अनेक वर्षे गाजला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले, नाही. दोन्ही एक नव्हेत. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यानेही असे ट्रस्ट वेगळे मानले. म्हणून आपल्या गावातील मिळकत ट्रस्टची की वक्फची, हे दस्तऐवज वाचूनच ठरवावे. ऐकीव गोष्टींवर विसंबू नये.

पालकांनो, यात तुमचे काम काय? वार्षिक सभेला या. तपासलेले हिशेब मागा, वाचा. जमीन भाड्याने देताना घेणारा कोण, हे विचारा. विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे. प्रामाणिक कार्यकर्त्याला असा प्रश्न आवडतो, कारण उत्तर दिल्याने त्याचाच मान वाढतो. विश्वासघात झालाच, तर हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींना आयुक्तांच्या लेखी संमतीने दावा करता येतो. पण ती वेळ येऊ न देणे अधिक शहाणपणाचे.

विद्यार्थी मित्रहो, उद्या या संस्था तुमच्याच हाती येणार आहेत. हिशेबाची वही कशी ठेवावी हे लेखी कायदा शिकवील. ती कोणासाठी ठेवायची, हे अमानत या शब्दाने शिकवले आहे. दोन्ही लक्षात ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.