ऑफिसातला संगणक: बदलायचा, पण आधी काय?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त रविवार, 14 सप्टेंबर 2025 रोजी सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – स्मरणिका समिती)



चिंतामणीचं विसर्जन होऊन आठवडाच झालाय, ढोलांचा आवाज अजून कानात आहे, आणि अशा वेळी मी संगणकावर बोलायला उभा राहिलोय. सेक्रेटरींनी सांगितलं, 28 तारखेच्या सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर ‘ऑफिसचा संगणक बदलणे’ हा विषय आहे, त्या दिवशी भांडण नको, म्हणून आधी समजावून सांगा. भांडण होणार नाही याची हमी मी देत नाही. आपण चिंचपोकळीचे आहोत.

विषय थोडक्यात असा. आपल्या ऑफिसातला संगणक 2016 साली घेतलेला. त्यावर विंडोज 10 आहे. हे विंडोज 10 मायक्रोसॉफ्टने जुलै 2015 मध्ये आणलं, आणि बरोबर एक महिन्याने, 14 ऑक्टोबर 2025 ला, त्याची मोफत देखभाल बंद होते आहे. बंद होते म्हणजे काय? 15 तारखेला सकाळी क्लार्क बाई बटण दाबतील आणि संगणक सुरूच होणार नाही, असं नाही. तो सुरू होईल, मेंटेनन्सची बिलं निघतील, सगळं कालच्यासारखंच चालेल. फक्त त्यात नवी भेग सापडली, तर ती बुजवायला कोणी येणार नाही.

आता यावर पहिला प्रश्न आलाच, लिफ्टमध्येच आला: “चालतंय ना? मग कशाला?”

मंडळी, हा प्रश्न मी पूर्वी ऐकलाय. याच जागेवर आपली चाळ होती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला खालून लाकडी टेकू लावलेले होते, आणि पुनर्विकासाची पहिली मीटिंग झाली तेव्हा माझे वडीलच उभे राहून म्हणाले होते, “पडत नाहीये ना? मग कशाला?” त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी बाहेर पाठवलं तेच परत आत घेतील याची खात्री कोणाला होती? ट्रान्झिट कॅम्पमध्ये गेलेली माणसं तिथेच म्हातारी झालेली आपण आजूबाजूला पाहिलेली आहेत. तेव्हा बदलाला घाबरणारा माणूस मूर्ख असतोच असं नाही. त्याची भीती नेमकी कशाची आहे, ते विचारावं.

आणि खरं सांगायचं तर आपण याआधी हे केलेलं आहे. 2008 साली घेतलेल्या संगणकावर विंडोज एक्सपी होतं. एक्सपीची देखभाल 8 एप्रिल 2014 ला संपली आणि आपण तो 2016 पर्यंत वापरला. काही झालं नाही. हे मी लपवत नाही, कारण सभेत कोणीतरी काढणारच. पण तेव्हा ऑफिसात इंटरनेट नव्हतं. आज त्याच संगणकावरून सोसायटीचं बँकेचं खातं उघडतं, सभासदांचे आधार-पॅन त्यात आहेत, दीडशे जणांना ईमेल जातात. घर तेच, पण तेव्हा दाराला कडी होती आणि आता दार रस्त्यावर उघडतं.

भेग न बुजवल्याने काय होतं, त्याचं उदाहरण लांबचं नको. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा प्रकार जगभर पसरला. संगणकातल्या फाइलींना कुलूप लावायचं आणि किल्लीसाठी पैसे मागायचे. त्या भेगेवरचा इलाज मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो लावला नव्हता, ते सापडले. पुढच्याच महिन्यात त्याच भेगेचा आणि इतर वाटांचाही फायदा घेणारा दुसरा हल्ला आला आणि समोरच्या खाडीपलीकडे, न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. संगणक बंद, म्हणून कंटेनर जागेवर. एटीएमचंही तसंच. आपल्या देशात कितीतरी एटीएम मशिनं एक्सपीवर चालत राहिली, शेवटी जून 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला तारखा घालून द्याव्या लागल्या, की सगळी मशिनं जून 2019 पर्यंत बदला. बँकांनाही “चालतंय ना” म्हणायची सवय असते.

तर बदलायला हवं, या बाजूचा मी आहे. पण कसं बदलायचं, यावर माझं म्हणणं वेगळं आहे, आणि त्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

सोसायटी नोंदली गेली 2000 साली. 2001 मध्ये कमिटीने पहिला संगणक घेतला, विंडोज 98 वाला. मराठीत मिनिट्स लिहायची असा ठराव होता, त्यामुळे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअरही घेतलं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावं तेव्हा छापखान्यांतून ऐकू यायची. आपलं त्यातलं कुठलं होतं की आणखी चौथंच, ते सोडून द्या. त्याच्याबरोबर एक लॉक यायचं. संगणकाच्या मागे प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे ते बोटभर लांबीचं लॉक खोचायचं, तरच मराठी चालायचं. ते लॉक म्हणजे सोसायटीच्या तिजोरीइतकं महत्त्वाचं. खजिनदार ते घरी घेऊन जायचे.

2016 मध्ये नवा संगणक आला. तेव्हा कमिटीत संगणक कळणारा म्हणून मी होतो. नव्या संगणकाला मागे ते खोचायची जागाच नव्हती. मी म्हटलं, हरकत नाही, आता युनिकोड आलंय, आपण मोबाइलवर मराठी लिहितो तसंच इथे लिहू. जुन्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, नव्यात टाकल्या, आणि जुना संगणक भंगारवाल्याला दिला. साडेचारशे रुपये आले. माझी पाठ थोपटली गेली.

त्या फाइली मी उघडून पाहिल्या नाहीत.

2023 मध्ये आपल्या एक आजी गेल्या. त्यांची मुलगी डोंबिवलीहून आली. नॉमिनेशन रजिस्टरमध्ये आधीचं नाव खोडलेलं आणि समोर फक्त 2006 मधल्या एका कमिटी मीटिंगची तारीख. (नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे आपल्याकडची वकील मंडळी सांगतीलच, पण शेअर सर्टिफिकेटवर नाव चढायला तिथूनच सुरुवात होते.) मिनिट बुक काढलं, तर छापून चिकटवलेलं नेमकं ते पान सुटून गेलेलं. म्हटलं, चिंता नको, संगणकात आहे. फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, डोक्यावर टिंबं असलेली कुठली युरोपातली अक्षरं. मराठीचं एक अक्षर नाही.

कारण असं की जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी आपण मराठी लिहीतच नव्हतो. तो इंग्रजी अक्षरंच साठवायचा, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे मुखवटे चढवायचा. मुखवटे भंगारात गेले. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’ म्हटलं की जगातल्या कुठल्याही संगणकावर ‘क’च.

ती मुलगी समोर बसलेली. तिला मी हे मुखवट्यांचं समजावतोय. ती म्हणाली, “काका, म्हणजे आईचं नाव गेलं का?”

तीन आठवडे गेले. शेवटी लालबागमध्ये मंडळांची पावतीपुस्तकं आणि अहवाल छापणारे एक गृहस्थ सापडले. त्यांच्या माळ्यावर एक्सपीचा संगणक अजून जिवंत होता, मागे तेच लॉक खोचलेलं. त्यांनी फाइल उघडली आणि आजींचा ठराव पडद्यावर आला, सूचक-अनुमोदकासकट. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. पण ती बाई दोन वेळा रजा टाकून आली होती, ती माझ्यामुळे.

म्हणून माझं म्हणणं: संगणक बदला, पण आधी मिनिट्स सोडवा. 2001 ते 2016 अशी पंधरा वर्षांची मिनिट्स आजही त्या मुखवट्यांत अडकलेली आहेत. चाळीतल्या मूळ भाडेकरूंची यादी, कोणाच्या नावावर भाडेपावती होती, कोणाला कुठला मजला कसा ठरला, हे सगळं त्यात आहे. लालबागचे ते गृहस्थ सत्तरीचे आहेत. त्यांचा संगणकही.

जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, पण ती जादू नाही. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार आणि जोडाक्षरांचं तर विचारू नका. ‘दुसऱ्या’चं काहीही होऊ शकतं. आणि ‘ॲ’! हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधीचे लोक ‘अ’ वर चंद्र वेगळा काढायचे. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला नाहीत. ‘ॲडव्होकेट’ शोधलं तर निम्मे वकील सापडणार नाहीत. (काहींना ते चालेलही.) तेव्हा बदललेला मजकूर माणसाने वाचूनच घ्यावा लागेल.

आता यंत्राकडे येतो. विंडोज 11 आपल्या आहे त्या संगणकावर टाकता येईल का? नाही. त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपला सहाव्या पिढीचा आहे. आडवाटेने टाकून देणारे लॅमिंग्टन रोडला भेटतील, पण तशा संगणकाला पुढे सुधारणा मिळतीलच याची जबाबदारी मायक्रोसॉफ्ट घेत नाही. म्हणजे पैसे देऊन पुन्हा टेकूच.

दुसरी वाट, लिनक्स. फुकट, जुन्या यंत्रावर छान चालतं, मराठीही उत्तम. माझ्या घरी आहे. पण सोसायटीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, आणि क्लार्क बाईंना ऑडिटच्या तोंडावर नवी विद्या शिकवायला मी तयार नाही.

तिसरी वाट, मुदतवाढ. घरगुती संगणकांना मायक्रोसॉफ्ट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेच्या सुधारणा देणार आहे. तीस डॉलर भरून, किंवा त्यांच्या खात्यात आपल्या सेटिंग्जचा बॅकअप ठेवला तर पैसे न भरताही. संस्थांचा दर वेगळा: पहिल्या वर्षी यंत्रामागे 61 डॉलर, आणि दर वर्षी दुप्पट. नऊ वर्षांच्या यंत्रावर तो खर्च मला पटत नाही.

म्हणून नवा संगणक घ्यावा. पण घेताना एक गोष्ट. नव्या विंडोज 11 मध्ये, विशेषतः होम आवृत्तीत, सुरुवातीलाच मायक्रोसॉफ्टचं खातं मागतात. आणि नव्या यंत्रांत बहुधा डिस्कला आपोआप कुलूप लागतं, त्याची किल्ली, म्हणजे एक लांबलचक आकडा, त्याच खात्यात जाऊन बसतो. आता ते खातं खजिनदारांच्या खाजगी ईमेलवर काढलं, आणि पुढच्या निवडणुकीत खजिनदार बदलले, किंवा देव न करो, ते रागावले? मग ते 2001 चं लॉक पुन्हा कोणाच्या तरी घरी. खातं सोसायटीच्या नावाने काढा, आणि तो आकडा कागदावर छापून शेअर रजिस्टरबरोबर कपाटात ठेवा. पेन्सिलने नको.

घरच्या संगणकांचं काय, असं काकूंनी मघाशी विचारलं. नातवाशी व्हिडिओवर बोलायचं आणि मालिका बघायच्या, एवढ्यासाठी या महिन्यात धावपळ करू नका. ती वर्षाची मुदतवाढ घ्या, चौथ्या मजल्यावरची कॉलेजची पोरं लावून देतील. मात्र फोनवर कोणी “तुमचं विंडोज बंद होतंय, हा आकडा सांगा, हे ॲप टाका” म्हणालं, तर फोन ठेवा. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून असा फोन करत नाही.

28 तारखेला माझी सूचना अशी राहील: खरेदीला मंजुरी द्या, पण जुना संगणक सहा महिने ऑफिसातच राहील, इंटरनेटची वायर काढून. प्रत्येक जुनी फाइल नव्यावर उघडून, वाचून, वहीत टिक होईपर्यंत भंगारवाल्याला वर बोलवायचं नाही. मिनिट्स वाचायला मला चार माणसं हवीत, मराठी नीट वाचणारी. संगणक येत नसला तरी चालेल. आणि 2001 ते 2016 मध्ये कमिटीवर असलेल्या कोणाच्या माळ्यावर सोसायटीच्या फ्लॉपी, सीडी, किंवा ते बोटभर लॉक पडलेलं असेल, तर पुढचे दोन रविवार सकाळी दहा ते बारा मी ऑफिसात बसलेला असेन. पुड्यात गुंडाळून आणलंत तरी चालेल, कोणाकडे होतं हे विचारणार नाही.