एक स्पीकर, अनेक आवाज

संगणकावर गाणे सुरू असताना ई-मेल आल्याची ‘टिंग’ वाजते. दोन्ही आवाज एकाच वेळी ऐकू येतात आणि त्यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. मलाही वाटत नव्हते. २००९ साली वर्ध्यात घडलेल्या एका प्रसंगाने माझी चांगलीच कानउघाडणी केली.

आमच्या शेजारी आर्वीकडचा एक दृष्टिहीन मुलगा शिकायला राहत असे. बी.ए.चा अभ्यास तो ध्वनिमुद्रित पाठ ऐकून करायचा. त्याच्या जुन्या संगणकावर मी लिनक्स आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा ‘ऑर्का’ हा मोफत प्रोग्रॅम बसवून दिला होता. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याने हाक मारली, ‘‘काका, कॉम्प्युटर बोलूनच नाही राहिला!’’

जाऊन बघतो तर पाठ व्यवस्थित वाजत होता, ऑर्का मात्र गप्प. मी पडदा पाहून पाठ थांबवू शकत होतो. त्याला ‘थांबवा’चे बटण कुठे आहे हे सांगणारा आवाजच नाहीसा झाला होता.

याचे कारण असे. संगणकाला आवाज म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० आकडे असतात. दोन आवाज एकत्र करायचे म्हणजे त्या त्या क्षणाच्या आकड्यांची बेरीज करायची. सोळा बिटांच्या आवाजात ही बेरीज ३२,७६७ च्या वर गेली, की आवाज फाटतो. एकाचा वेग ४४,१०० आणि दुसऱ्याचा ४८,००० असेल, तर आधी वेगही जुळवावा लागतो. भजनी मंडळात खंजिरी, पेटी आणि झांजा एका तालात आणाव्या लागतात, तसेच हे. लिनक्सवर हे काम त्या वेळी ‘पल्सऑडिओ’ करत असे. फेडोराने २००७ मध्ये आणि उबुंटूने २००८ मध्ये ते स्वीकारले होते.

आमच्या पाठ वाजवणाऱ्या प्रोग्रॅमने मात्र या मध्यस्थाला वगळून थेट साउंड कार्डच ताब्यात घेतले होते. गावच्या विहिरीचा दोर एकानेच धरून ठेवावा, तसे. सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा मार्ग ‘पल्सऑडिओ’वर आणला. दोन मिनिटांचे काम! पाठ सुरू असतानाच ऑर्का बोलू लागला. पाठाचा आवाज थोडा कमी, ऑर्काचा जास्त, असा मेळही मुलाने स्वतःच बसवला. मग पहाटेपर्यंत त्याचा अभ्यास चालला.

आता लिनक्सवर हे काम बहुतेक ठिकाणी ‘पाइपवायर’ करते. फेडोराने ते २०२१ मध्ये आणले. विंडोजमध्ये २००७ च्या व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. तिथेही एखादा प्रोग्रॅम साउंड कार्डावर एकट्याचा ताबा मागू शकतो. एक आवाज सुरू होताच बाकीचे बंद पडत असतील, तर साउंडच्या सेटिंगमध्ये ही परवानगी काढून बघा. ‘एनव्हीडीए’ या मोफत वाचकात तर तो बोलताना इतर आवाज आपोआप हळू करण्याची सोय आहे.

आपल्यासाठी ही ‘टिंग’ ऐकू येण्या-न येण्याची गोष्ट. कुणासाठी तो वर्षभराच्या अभ्यासाचा प्रश्न असतो. कुणाला संगणक लावून द्याल, तेव्हा दोन आवाज एकदम वाजवून पाहा आणि मगच घरी जा.