आत सोपं, बाहेर अवघड

आम्ही घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतल्या बायका. आमच्यातल्या काहींचे नवरे दारू सोडायला पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये राहून आलेत. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं हे केंद्र.

आम्ही विचारलं, “आत कसं वाटलं?” म्हणाले, आधी राग आला, बायकोनं अडकवलं म्हणून. हात थरथरायचे, झोप नाही. मग गटात दुसऱ्याची कहाणी ऐकली अन् वाटलं, ही तर माझीच! तिथं कुणी ‘बेवडा’ म्हणत नव्हतं. खरी भीती वाटली ती निघताना. आत दारू नव्हती. इथं गल्लीच्या तोंडाशीच गुत्ता, अन् घरात संशयाच्या नजरा.

म्हणून सांगतो, माणूस परतला की रोज तोंडाचा वास घेऊ नका, जुनी भांडणं उकरू नका. तपासणीच्या तारखा चुकवू देऊ नका. पुन्हा घसरला तर परत उपचाराला न्या. हा आजार आहे. पण मारहाण मात्र सोसू नका. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, तसं आपणही एकमेकींशी बोलू या. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी सरकारी हेल्पलाइन आहे : १४४४६.