मस्टरवर नसलेला माणूस

(पहूर इथं वस्तीत केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय, आकडे तेवढे नंतर नीट घातले.)



मला सांगितलं होतं कविता वाच. कविता नंतर वाचीन, तुम्ही जागे राहिलात तर. आज मला लढाईबद्दल बोलायचंय. दुसऱ्या महायुद्धाबद्दल. तुम्ही म्हणाल, हिटलर कुठं आणि आपली वाघूर नदी कुठं. पण ह्या वस्तीतून त्या लढाईत माणसं गेलीत. माझ्या एका घरातून दोन गेले. एक पल्टणीत गेला, तो परत आला. दुसरा हमाली करायला मुंबईला गेला, तो लढाईत मेला. मी उलटं बोललो नाही, तसंच झालं.

दोघं सख्खे भाऊ. धाकटा माझा पणजा. त्याचा फोटो आमच्या घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या शेजारी आहे. खाकी कपडे, कमरेला पट्टा, चेहरा असा की फोटोवाल्यानं श्वास रोखायला सांगितलाय आणि सोडायला सांगायला विसरलाय. थोरल्याचा फोटो नाही. घरात त्याला 'मुंबईवाला' म्हणतात, बस.

पल्टणवाल्याचं आधी सांगतो, कारण ते सांगायला सोपं आहे. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावला आपली माणसं इंग्रजांच्या बाजूनं लढली हे तुम्हाला पाठ आहे. पण त्याच इंग्रजांनी 1892-93 च्या सुमाराला आपली भरती बंद केली. म्हणे तुम्ही लढाऊ जात नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 ला 111 महार पल्टण काढली आणि 1921 ला मोडून टाकली. गरज सरो वैद्य मरो. दुसरं महायुद्ध लागल्यावर बाबासाहेबांनी महारांच्या पल्टणीची मागणी लावून धरली. 1941 च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पल्टण उभी राहिली. पणजा त्यानंतरच्या भरतीतला.

आता कोणी शहाणा म्हणतो, तुम्ही इंग्रजांची चाकरी केली, देश स्वातंत्र्यासाठी लढत होता तेव्हा. त्याला माझं म्हणणं एवढंच की बाबा, तू ज्या गावात स्वातंत्र्यासाठी लढत होतास त्याच गावात माझ्या पणज्याला विहिरीवर चढता येत नव्हतं. शिवाय हिटलर म्हणजे काय चीज आहे हे बाबासाहेबांना नीट कळलं होतं. एक वंश वर, बाकीचे त्याच्या टाचेखाली, हा हिशेब आपल्याला नवा नव्हता. मजूरमंत्री असताना त्यांनी रेडिओवर भाषण केलं, भारतीय कामगाराला ही लढाई का जिंकायचीय यावर. पणज्यानं ते ऐकलं नसेल. तो पगारासाठी गेला आणि बुटांसाठी गेला. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

बुटांचं सांगतो. पहिल्या रजेवर तो पीजेनं आला. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, 2020 ला बंद झाली ती. पहूर स्टेशनावर उतरून बूट वाजवत गावातून चालला. एका ओट्यावरून आवाज आला, "काय रे, कोनाचे बूट घातले?" पणजा थांबला, टाच जुळवली, म्हणाला, "सरकारचे." बस. ह्या एका उत्तरावर आमच्या घरानं ऐंशी वर्षं काढली. लग्नात सांगतात, मयतीत सांगतात.

पण खरी गोष्ट अशी की पणज्यानं जर्मन पाहिला नाही, जपानी पाहिला नाही. महारांची दुसरी पल्टण ब्रह्मदेशात गेली, पहिली वायव्य सरहद्दीवर होती, आता पाकिस्तानात आहे तो मुलूख. पणजा तिथं. पहारा करायचा, रस्ते राखायचे. त्याच्या लढाईच्या आठवणीत थंडी होती, चहा होता आणि एक खेचर होतं, त्याच्यावर तो फार बोलायचा असं माझा आजा सांगे. 1947 ला महार पल्टणी पंजाबात निर्वासितांचे काफिले सांभाळायला लावल्या, तेव्हा त्यानं जे पाहिलं त्यावर मात्र तो बोलला नाही. आज्यानं दोनदा विचारलं, दोनदा तो उठून गेला.

आता मुंबईवाला.

तो लढाई लागायच्या आधीच गेला होता. येसकरकीची पाळी, शिळ्या भाकरीवरून भावकीत भांडणं, त्याला हे नको होतं. मुंबईत माझगावला आपल्या भागातल्या सात-आठ जणांबरोबर एका खोलीत राहायचा, डॉकात हमाली करायचा. लढाई लागली तसं डॉकातलं काम वाढलं. दारूगोळा, तेल, धान्य, खोकी. जहाज लागलं की मुकादम गेटावर येणार, तू ये, तू ये, तू नको. जो आत गेला त्याला त्या दिवसाचे पैसे. उद्याचं उद्या. त्याचं नाव पोर्टाच्या मस्टरवर नाही, कंपनीच्या वहीत नाही. मुकादमाच्या डोक्यात असलं तर असलं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज 24 फेब्रुवारी 1944 ला इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात सुमारे 1400 टन दारूगोळा, आणि लोखंडी पेटीत सोन्याच्या 124 विटा. कराचीला त्यात कापसाच्या 8700 गाठी भरल्या. दुसऱ्या नंबरच्या खणात खाली कापूस आणि त्याच्या वर दारूगोळा. कप्तान कुरकुरला होता. पण लढाई आहे, जहाजं कमी आहेत, चालवून घ्या. 12 एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकात लागलं.

कापूस काय असतो हे पहूरच्या माणसाला शिकवायला नको. जिनिंगच्या आवारात गाठ पेटली तर वरून पाणी मारा, वरून विझल्यासारखी दिसते, आत धुमसतच राहते. तो माल मुंबईच्या धक्क्यावर दारूगोळ्याखाली दाबून ठेवला होता. एप्रिलच्या उन्हात.

14 एप्रिल 1944, शुक्रवार. तारीख कळली ना? बाबासाहेबांना त्या दिवशी 53 वर्षं पूर्ण झाली. आमच्या घरात असं सांगतात की मुंबईवाल्यानं त्या दिवशी मुद्दाम सकाळची पाळी धरली. संध्याकाळी जयंती होती, तिथं जायचं म्हणून. शेंदुर्णीकडचा एक जण त्याच्या खोलीत राहायचा, त्यानं नंतर येऊन हे सांगितलं.

दुपारची जेवणाची सुट्टी संपवून हमाल जहाजावर परत आले तेव्हा दोन नंबरच्या खणातून धूर निघत होता. बंबवाले आले. 900 टन पाणी ओतलं. पाण्यानं कापूस भिजला नाही, तरंगला, आणि जळता जळता वर दारूगोळ्याकडं सरकला. जहाज एवढं तापलं की आजूबाजूचं पाणी उकळायला लागलं. जहाज बुडवावं का बाहेर न्यावं यावर साहेबलोकांची चर्चा चालली होती. डॉक रिकामा करा असा हुकूम कोणी दिला नाही. शेजारच्या जहाजांवर माणसं माल उतरवतच होती. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासानं दुसरा. हजार मैलांवर सिमल्याला भूकंप मोजायच्या यंत्रावर त्याची रेघ उमटली. मांडवीकडच्या वस्त्या पेटल्या. पेटता कापूस आकाशातून पडत होता. माणसं म्हणाली, जपान्यांनी बॉम्ब टाकला.

बातमी छापायला बंदी होती. दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओनं जगाला सविस्तर सांगितलं, आपल्या इथं मे महिना उजाडावा लागला. पहुरात बातमी पीजेच्या डब्यातून आली, तोंडातोंडी. मुंबई जळाली. एवढीच.

आता मोजणी बघा. अग्निशामक दलाचे 66 जवान मेले. त्यांची नावं आहेत, भायखळ्याला स्मारक आहे, त्यांच्यासाठीच 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. मी भायखळ्याला जाऊन आलोय, हात जोडून आलोय. ती माणसं आगीकडं चालत गेली होती, त्यांच्याशी माझं भांडण नाही. सोन्याच्या विटा 124. त्यातली एक मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या छपरातून घरात पडली, त्यानं ती नेऊन दिली. बाकीच्या पुढं कित्येक वर्षं डॉकातल्या गाळातून निघत राहिल्या आणि निघालेली वीट हिशेबाला लागली. विटेवर नंबर असतो.

आणि माणसं? पुस्तक उघडा, लिहिलंय, 800 ते 1300. हे काय गणित झालं? शाळेत असं उत्तर लिहिलं असतं तर मास्तरनं कान पिळला असता. 800 खरे की 1300 खरे? मधले 500 कोण? ते 500 कोणाच्या घरचे? मला विचाराल तर त्यात गेटावर 'तू ये' म्हणून आत घेतलेले हमाल आहेत, फुटपाथवर झोपणारे आहेत, रत्नागिरीकडचे, घाटावरचे, आंध्रातले, उत्तरेकडचे. सगळे आपल्या जातीचे होते असं मी म्हणणार नाही, म्हणू पण नये. पण सगळे बिनमस्टरवाले होते. नंतर डॉक साफ करायला 8000 माणसं सात महिने खपली, पाच लाख टन ढिगारा त्यांनी उपसला. त्या ढिगाऱ्यात जे काय सापडलं असेल ते बिनमस्टरवाल्यांनीच उचललं.

सरकारनं त्याच वर्षी नुकसानभरपाईचा वटहुकूम काढला. गोदामवाल्याकडं पावती होती, हुंडी होती, विम्याचा कागद होता. मुंबईवाल्याच्या बायकोकडं एक मनीऑर्डरचा तुकडा होता.

तिचंच खरं सांगायला मी उभा राहिलो, बाकीचं आपोआप आलं. मोठी पणजी. तेव्हा विशीत असेल, पोरबाळ नाही. शेंदुर्णीवाला मे महिन्यात आला आणि म्हणाला की शुक्रवारपासून तो खोलीवर आला नाही, दवाखाने पाहिले, जे. जे. पाहिलं, मसणवटा पाहिला. भावकी बसली. काहींचं म्हणणं, बांगड्या फोडा. काहींचं म्हणणं, बारा वर्षं वाट पाहा. ती दाराआडून म्हणाली, "माले कागद दाखवा. सरकारचा कागद दाखवा, मंग पुसते कुकू."

कागद आला नाही. कुठून येणार? मेल्याचा दाखला द्यायचा तर आधी तो माणूस तिथं होता असं दाखवायला पाहिजे.

तिनं दुसरा पाट लावला नाही, आपल्यात चालत होतं तरी. ह्याच्यात्याच्या वावरात कपाशी येचली, निंदणी केली, माझ्या आज्याला सांभाळलं. आजा सांगायचा, "कपाशी येचता येचता गाडीची शिट्टी झाली का तिचा हात थांबे. मंग पुन्हा चाले." पल्टणवाला दीर तिला पेन्शनीतून पैसे द्यायला जायचा, ती घ्यायची नाही. 1956 नंतर वस्तीनं धम्म घेतला, देव नदीत सोडले. कार्यकर्ते पोरं घरोघर जाऊन सांगायची, आता हे कुंकूबिंकू सोडा. तिनं देव सोडले, उपास सोडले, बाबासाहेबांचा फोटो स्वतः लावला. कुंकू ठेवलं. पोरं चिडायची. तिला अडाणी म्हणायची. मी तिला अडाणी म्हणणार नाही. ती 1980 नंतर कधीतरी वारली, आणि ती सवाष्ण गेली का विधवा गेली हे कोणालाच सांगता आलं नाही. आमच्या घरात 14 एप्रिलला सकाळी निळा झेंडा आणि दुपारी चार वाजता सगळे गप्प, असं माझ्या लहानपणापर्यंत होतं. का गप्प ते मला मॅट्रिक झाल्यावर कळलं.

आणि मॅट्रिक होऊन मी कुठं गेलो, तर डॉकात. हसू नका. दुसरं काम मिळालं नाही. लोखंडाच्या कॉइलला साखळी लावायचं काम आहे, वरून क्रेन, खाली आम्ही. 1948 ला गोदी कामगारांचा कायदा झाला, त्यातून पुढं डॉक लेबर बोर्ड आलं, हजारो हमालांची नावं पहिल्यांदा रजिस्टरवर चढली, गेटावरचं 'तू ये, तू नको' पुष्कळ कमी झालं. त्यासाठी युनियननं संप केले, लाठ्या खाल्ल्या. आता कंटेनर आले, क्रेन आल्या, कायम कामगार निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागी आम्ही कंत्राटी. माझं नाव पोर्टाच्या मस्टरवर नाही. कंत्राटदाराच्या माणसाकडं एक वही आहे, त्यात आहे. पेन्सिलीनं. मागच्या पावसाळ्यात आमच्या टोळीतल्या एकाच्या पायावर कॉइल घसरली. दुसऱ्या दिवशी वही बघायला मागितली, तर ते पान कोरं होतं.

तेव्हापासून मी हे काम हातात घेतलंय. ज्या ज्या घरातला माणूस 1944 ला मुंबईच्या डॉकात होता आणि परत आला नाही, त्याचं नाव लिहून घ्यायचं. नाव, गाव, कोणाबरोबर गेला, कुठं राहायचा, घरी काय राहिलं. पोस्टकार्ड असेल, मनीऑर्डरचा तुकडा असेल, फेकू नका. आमच्या तुकड्यावर मार्च 1944 चा शिक्का आहे, रक्कम आठ रुपये, आणि खाली दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात दोन ओळी: तब्येत बरी आहे, जयंती झाली की येतो. त्याला लिहिता येत नव्हतं.

आत्तापर्यंत चार नावं झाली. चौथं आज संध्याकाळी, इथं यायच्या आधी, खालच्या आळीत मिळालं. वाकोदला एक म्हातारी आहे म्हणतात, तिच्या चुलत्याचं असंच झालं. तिला आता ऐकू कमी येतं, पण बोलते. मी उद्या सकाळी जाणार आहे. कोणाची मोटारसायकल असेल तर भाषण झाल्यावर भेटा.