माणूस गोव्याला, फोन परदेशात



गोव्याला जायचं म्हटलं की उपनगरातल्या माणसाला आधी कोकणकन्या आठवते, मग रात्रीची स्लीपर बस. आता त्यात जहाजाची भर पडली आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले घेत पणजीला लागणारी जुनी बोट बंद पडून जमाना झाला. पण २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ निघाली, २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ आलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरात क्रूझसाठी खास नवं टर्मिनल उघडलं. बोरिवली-मुलुंडकडची कुटुंबंच्या कुटुंबं दोन-तीन रात्रींसाठी जहाजावर चढतात. आजी-आजोबा, नातवंडं, आणि प्रत्येकाच्या हातात फोन.

मुंबई-गोवा फेरीला पासपोर्ट लागत नाही. ओळखपत्र दाखवलं की झालं. त्यामुळे आपण देशातच आहोत, अशी आपली खात्री असते आणि ती बरोबरही असते. फोनचं मात्र तसं नाही. संध्याकाळी जहाज धक्का सोडतं, कुलाब्याचे दिवे मागे पडतात, फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या एकेक करून कमी होत जातात. ‘गेलं नेटवर्क’ म्हणत आपण फोन खिशात टाकतो. ज्या जहाजावर स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, तिथे थोड्या वेळाने पाहावं तर दांड्या पुन्हा भरलेल्या! फक्त शेजारी आपल्या कंपनीचं नाव नसतं, भलतंच काहीतरी इंग्रजी नाव असतं. जपायचं ते इथून पुढे.

किनाऱ्यावरच्या टॉवरची रेंज समुद्रात फार आत पोहोचत नाही. वर्सोव्याच्या आणि मढच्या कोळी बांधवांना हे कुणी शिकवावं लागत नाही. कुठे आत गेलं की फोन मुका होतो, हे त्यांना पाठ असतं. म्हणून मोठ्या प्रवासी जहाजांवर आतल्या आत छोटे अँटेना बसवलेले असतात. किनाऱ्यापासून साधारण १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, ओलांडले की ते चालू करतात आणि बंदर जवळ आलं की बंद करतात. तुमचा फोन त्या अँटेनाशी बोलतो, अँटेना वरच्या डेकवरच्या तबकडीशी आणि तबकडी आभाळातल्या उपग्रहाशी. जगातल्या प्रत्येक देशाच्या मोबाइल नेटवर्कला एक आकडा दिलेला असतो. भारताचे आकडे ४०४ आणि ४०५. अनेक जहाजांवरच्या नेटवर्कचा आकडा ९०१, आणि हा कुठल्याच देशाचा नाही. म्हणजे मुलुंडचे काका गोव्याला निघालेले असतात आणि त्यांचा फोन ९०१ नावाच्या, नकाशात नसलेल्या मुलखात पोहोचलेला असतो.

सिंगापूरहून मलेशिया-थायलंडची क्रूझ करणाऱ्यांची तर आणखीच पंचाईत. त्यांनी निघताना तिन्ही देशांत चालणारा रोमिंग पॅक घेतलेला असतो, त्यामुळे ते निर्धास्त असतात. पॅक सिंगापूरच्या जमिनीवर चालतो, पेनांगच्या जमिनीवर चालतो. मधल्या पाण्यात तो चालेलच असं नाही. जहाजासाठी आणि विमानासाठी वेगळा पॅक असतो, तो वेगळा विचारावा लागतो. ‘देश किती?’ एवढंच विचारून भागत नाही, ‘जहाज धरलंय का?’ हेही विचारायचं.

आता दराचं पाहा. अंधेरीत बसून न्यू जर्सीतल्या लेकीशी तासभर व्हिडिओवर बोललं, नातवाला बाराखडी म्हणायला लावली, तरी वेगळा पैसा पडत नाही. अंतर जवळपास साडेबारा हजार किलोमीटर. आणि श्रीवर्धनसमोरच्या समुद्रातून, जहाजाच्या नेटवर्कवरून, त्याच अंधेरीला फोन लावला तर मिनिटाचे शंभराच्या पुढे जाऊ शकतात. आपली जुनी एसटीडीची सवय अशी की जितकं लांब तितकं महाग. ती आता सोडावी लागते. पैसे अंतराचे नसतात, वाटेचे असतात.

न्यू जर्सीच्या बोलण्याची वाट कुठली? पुष्कळांना वाटतं उपग्रह. तसं नाही. ते जातं समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून, केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंवरून. भारतात येणाऱ्या अशा केबलींपैकी बऱ्याचशा मुंबईत जमिनीवर येतात, आणि त्यातल्या कित्येक अंधेरीच्याच पश्चिमेला, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर. संध्याकाळी भेळ खात आपण ज्या वाळूत चालतो, त्या किनारपट्टीखालून निम्म्या जगाचं बोलणं आत येत असतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ अशा काही केबली तुटल्या, तेव्हा इथलं इंटरनेटही मंदावलं होतं. एका केबलमधून कोट्यवधी लोकांचं बोलणं एकदम जातं, म्हणून माणशी खर्च नगण्य.

जहाजाला केबल जोडता येत नाही. त्याला वरच जावं लागतं. जुन्या पद्धतीचा दळणवळणाचा उपग्रह पृथ्वीपासून जवळपास ३६,००० किलोमीटरवर असतो. तुमचं ‘हॅलो’ तेवढं वर जाऊन तेवढंच खाली येतं. उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात आपण दुसऱ्यांदा ‘हॅलो’ म्हणतो, पलीकडचाही म्हणतो, आणि दोघंही गप्प बसतात. त्या महागड्या मिनिटातली दहा-वीस सेकंदं अशीच जातात. अलीकडे सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणारे स्टारलिंकसारखे उपग्रह आले. २०२२ पासून मोठ्या क्रूझ कंपन्या ते वापरू लागल्या आणि जहाजावरचं वाय-फाय पुष्कळ सुधारलं. पण वाय-फाय वेगळं आणि मोबाइल नेटवर्क वेगळं. वाय-फायचे पैसे आधी ठरतात, तुम्ही ते मोजून देता. नेटवर्कचे पैसे नंतर कळतात.

उपाय अगदी सोपा आहे. जहाजावर पाय ठेवला की फोन फ्लाइट मोडवर टाकायचा. वाय-फाय घेतलं असेल तर फ्लाइट मोड तसाच ठेवून फक्त वाय-फाय चालू करायचं. कॅमेरा चालतो, गाणी चालतात, घड्याळ चालतं. न केलं तर काय होतं? आपण काहीच करत नाही, पण फोन करत असतो. दिवसभरात काढलेले फोटो वर चढवतो, ॲप अपडेट करतो, आणि चार कौटुंबिक ग्रुपांवरचे सुप्रभाताचे गुलाब व्हिडिओसकट उतरवून घेतो. फुकट आलेल्या गुलाबाला एवढी किंमत दुसरीकडे कुठे मोजावी लागत नसेल! माझं विचाराल तर दोन रात्रींच्या गोवा फेरीत वाय-फायही घेऊ नये. घरी दररोज तेच तर करतो आपण.

आणि एक, आलेला फोन उचलला तरी पैसे लागतात. पुण्याहून मुलगा काळजीने विचारतो, ‘बाबा, जेवलात का?’ त्याचे पैसे बाबांना. तरुणांना हे विचित्र वाटेल, पण आमच्या पिढीला नाही. १९९५ मध्ये मॅक्स टच आणि बीपीएलचे फोन मुंबईत आले, तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ते थांबायला २००३ उजाडलं. मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र हे दुसरं, त्यामुळे पुण्याला निघालेला माणूस घाट चढला की रोमिंग सुरू! लोणावळ्यात चिक्की घेताना फोन वाजला तर लोक तो नुसता बघायचे आणि कापायचे. मिस्ड कॉलची आपली सगळी सांकेतिक भाषा त्याच काळात घडली. एक वाजली म्हणजे पोहोचलो, दोन वाजल्या म्हणजे खाली उतर. देशातलं रोमिंग २०१७ च्या सुमारास मोफत झालं आणि ती भाषाही गेली. परदेशात मात्र तो जुना काळ जसाच्या तसा शिल्लक आहे.

जमिनीवरच्या परदेशात, म्हणजे मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्यांच्या बाबतीत, बोलण्याचा प्रश्न फारसा उरलेला नाही. खरा घोळ ओटीपीचा असतो. विमानतळावरून घरी पोहोचताच मुलगा बाबांच्या फोनमध्ये तिकडचं सिम घालतो. मुंबईचं सिम कागदात गुंडाळून पर्समध्ये जातं, पर्स कपाटात जाते. तीन आठवड्यांनी सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा असतो किंवा एफडी मोडायची असते. बँक ओटीपी पाठवते आणि तो जातो कपाटातल्या त्या सिमकडे. फोनमध्ये दोन सिमची सोय असेल, किंवा तिकडचं ई-सिम घेता येत असेल, तर मुंबईचं सिम हलवूच नये. त्याचा डेटा बंद ठेवावा, एसएमएस येऊ द्यावेत. परदेशात आलेल्या एसएमएसचे पैसे आपल्या बहुतेक कंपन्या घेत नाहीत. मात्र त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करून जायला हवं, आणि रिचार्ज संपू देता कामा नये. बरेच महिने रिचार्ज नाही झाला तर नंबर बंद होतो, पुढे दुसऱ्या कुणाला दिलाही जातो, आणि मग बँकेचा ओटीपी त्या परक्या माणसाच्या फोनवर वाजतो.

जहाजावर फ्लाइट मोडमध्ये ओटीपी येणारच नाही, हे लक्षात ठेवून विजेचं बिल वगैरे धक्का सोडण्याआधी भरून टाकावं. मुंबईचं सिम फोनमध्येच असेल तर तिकडचं सिम घातलं तरी व्हॉट्सॲप मुंबईच्याच नंबरावर चालू राहतं. नंबर बदलू का असं फोनने विचारलं तर ‘नाही’ म्हणावं. फोनमधले सगळे नंबर अधिक चिन्ह आणि ९१ लावून साठवावेत. नुसते दहा आकडे परदेशातून लागत नाहीत. शून्याचं बटण दाबून धरलं की अधिक चिन्ह येतं. दुबईत हॉटेलच्या वाय-फायवर व्हॉट्सॲपचा मेसेज जातो, पण कॉल लागत नाही, कारण तिथे त्यावर निर्बंध आहेत. गणपतीच्या आरतीला व्हिडिओ कॉलवरून हजर राहायचा बेत असेल तर आधी चौकशी करा.

हे सगळं सहलीला जाणाऱ्यांचं झालं. आपल्या उपनगरांत मर्चंट नेव्हीवाली घरंही आहेत. तिथे माणूस सहा-सहा, नऊ-नऊ महिने पाण्यावर. पूर्वी बंदर लागलं की खलाशी आधी टेलिफोन बूथ शोधत. मग उपग्रहाच्या फोनची प्रीपेड कार्डं आली. कार्ड संपत आलं की वाक्यं आखूड होत जात, आणि मुलांच्या परीक्षेचा निकाल, आईची तब्येत, सगळं मिनिटभरात उरकावं लागे. जहाजावर काम करणाऱ्यांना घरच्यांशी संपर्काची सोय मिळाली पाहिजे, असं आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात आता नमूद झालं आहे आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ते लागू आहे. ही सोय अवाच्या सवा दरात असू नये, हेही त्यात आहे. उशीर झाला, पण झालं.

आता सहलीला निघणाऱ्यांसाठी शेवटचं. जहाज सुटल्यापासून बंदराला लागेपर्यंत फोन लागणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर रात्री अकराला एकाचा फोन लागला नाही की दुसऱ्याला, दुसऱ्याचा नाही की शेजाऱ्याला, असे फोन सुरू होतात. जहाजाचं नाव, खोलीचा नंबर, सहल कंपनीच्या माणसाचा नंबर, हे सगळं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घरी फ्रीजवर लावून जा. एक प्रत शेजारी द्या, किल्लीबरोबर.