साधन कुणाच्या मालकीचे?

मोबाइल फोन हे शाळेतील नित्याचे अध्ययन-साधन व्हावे की नाही, याचा विचार करताना त्याच्या गुणदोषांआधी त्याच्या मालकीचा प्रश्न विचारात घेतला पाहिजे. खडू आणि फळा शाळेचे असतात; म्हणूनच ते सर्व मुलांना सारखेच लाभतात.

आपल्या मयूर विहाराचेच पाहा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या व वर्ग फोनच्या पडद्यावर भरू लागले. गृहनिर्माण संस्थांच्या सदनिकांतील मुलांची सोय झाली. यमुनेच्या खादरात भाजीपाला पिकवणाऱ्या कुटुंबांच्या झोपड्यांत मात्र वीजजोडणीदेखील नव्हती.

१८ सप्टेंबर २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी राखून ठेवलेल्या जागांवरील मुलांना उपकरणे व इंटरनेट शाळेनेच पुरवावे आणि नियमानुसार त्याची भरपाई शासनाकडून घ्यावी. साधनाअभावी मूल आपल्याच वर्गसोबत्यांपासून तुटते, हे त्यामागील सूत्र होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयास स्थगिती दिली. खर्चाचा भार कुणी वाहावा, हा वाद तसाच राहिला. मुलांचे वर्ष मात्र थांबले नाही.

यावरून माझे मत असे झाले आहे की, घरून आणावयाचा फोन हे शिक्षणाचे साधन नसून एक प्रकारचे प्रवेशशुल्कच होय. शाळेने उपकरणे स्वतः विकत घ्यावीत, कपाटात ठेवावीत आणि शिक्षकाला आवश्यक वाटेल त्या तासापुरतीच काढावीत. एवढी तयारी नसेल तोवर सर्वांच्या हाती असलेले पाठ्यपुस्तक हेच शाळेचे प्रमाण साधन राहू द्यावे.