लिहिण्याची मजुरी

(स्त्री-गटांतील कार्यकर्त्यांच्या लेखन शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रकात माझ्या भाषणाचा विषय 'स्त्रिया आणि लेखन' असा छापला आहे. या विषयावर काहीही बोललं तरी खपतं, म्हणून मी तो जरा आवळून घेते. मी बोलणार आहे अमेरिकेतल्या प्रेमकथा लिहिणाऱ्या बायकांबद्दल. कथा कशी रचायची आणि तिचे पैसे कसे वसूल करायचे, हे त्या एकमेकींना कसं शिकवत आल्या, याबद्दल.

काहीजणी हसल्या. साहजिक आहे. 'मिल्स अँड बून' म्हटलं की आपल्याला रद्दीच्या दुकानातली, कॉलेजात बाकाखालून फिरणारी ती पातळ पुस्तकं आठवतात. उंच, श्रीमंत, तुसडा नायक आणि त्याच्या रागालाच प्रेम समजणारी नायिका. जर्मेन ग्रीअर यांनी १९७० साली 'द फीमेल युनक'मध्ये या नायकाची जी चिरफाड केली, ती मला आजही पटते. पुढे १९८४ मध्ये जॅनिस रॅडवे यांनी ही पुस्तकं वाचणाऱ्या बायकांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या बायकांचं म्हणणं असं की, पुस्तक हातात असतं तेवढा वेळ आपला असतो. घरच्यांची उस्तवार तेवढ्यापुरती बाजूला राहते. म्हणजे पुस्तकाची चर्चा झाली, वाचणारीचीही झाली. लिहिणारी मात्र राहून गेली. तिचा मालक कोण, मजुरी किती, करारात काय लिहिलंय, हे प्रश्न आपण विडी वळणाऱ्या बाईबद्दल विचारतो. वर्षाला तीन-चार पुस्तकं लिहून देणाऱ्या या बाईबद्दल आपण कधी विचारले नाहीत.

तिने ते स्वतःच विचारले. १९८० साली टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात ३७ लेखिकांनी मिळून 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' ही संघटना काढली. पुढाकार होता व्हिव्हियन स्टीफन्स यांचा. त्या मूळच्या ह्यूस्टनच्या, न्यूयॉर्कच्या 'डेल' प्रकाशनात संपादक असलेल्या कृष्णवर्णीय बाई. त्याच वर्षी त्यांनी एल्सी वॉशिंग्टन या पत्रकार बाईंची एक कादंबरी टोपणनावाने छापली होती. कृष्णवर्णीय लेखिकेने कृष्णवर्णीय नायक-नायिकांवर लिहिलेल्या अगदी पहिल्या प्रेमकथांमध्ये तिची गणना होते. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या संघटनेचं मुख्य काम म्हणजे कार्यशाळा. गावोगावच्या शाखा, त्यांच्या बैठका, आणि वर्षातून एकदा मोठ्या हॉटेलात चार दिवसांचं संमेलन. तिथे शेकड्याने कार्यशाळा होत. शिकवणारी कुणी प्राध्यापक नसायची. जिची पाच पुस्तकं आली ती, जिचं एकही आलेलं नाही तिला शिकवायची. येणं परवडलं नाही तर भाषणांच्या ध्वनिफिती विकत मिळत.

कथेच्या बाजूचं एकच उदाहरण देते. डेब्रा डिक्सन नावाच्या लेखिकेची एक कार्यशाळा फार गाजली, १९९६ साली तिचं पुस्तक झालं. तिचं सूत्र तीन प्रश्नांचं : हिला काय हवंय, ते का हवंय, आणि आडवं काय येतंय? मला वाचताना गंमत वाटली. आपल्या सल्ला केंद्रात बाई आली की आपण हेच तीन प्रश्न विचारतो, आणि उत्तरं नीट आली की केसही नीट लिहिली जाते. कथेच्या नायिकेलाही 'हवं' असावं लागतं, नुसतं 'सोसणं' पुरत नाही, हे या सूत्रात आपोआप येतं. आपल्या शिबिरांतल्या कथांना हे सूत्र लावून बघा. निम्म्या कथांत बाई पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसती रडते.

पण माझा जीव अडकलाय तो दुसऱ्या बाजूच्या कार्यशाळांत. करार कसा वाचायचा. आगाऊ रक्कम म्हणजे काय, आणि ती रॉयल्टीतून कशी वळती होते. पुस्तक छापायचं बंद झालं तर हक्क परत कसे मागायचे. एजंटने पंधरा टक्के घेतले तर त्याबदल्यात त्याने काय करायला हवं. संपादकापुढे दहा मिनिटांत आपलं पुस्तक कसं मांडायचं. ब्रेंडा हायट नावाच्या लेखिकेने तर लेखिकांकडून आकडे मागवायला सुरुवात केली : कुठल्या प्रकाशकाने पहिल्या पुस्तकाला किती दिले, पुढच्यांना किती, रॉयल्टी किती उतरली. नावं गुप्त, आकडे उघडे. नवी बाई प्रकाशकाकडे जाताना तो तक्ता वाचून जायची. 'सगळ्यांना एवढंच देतो हो आम्ही,' हे वाक्य मग तिच्यापुढे चालत नसे.

याची गरज किती होती, ते 'हार्लेक्विन'च्या उदाहरणावरून कळेल. ही कॅनडातली कंपनी, १९४९ साली निघाली. १९७१ मध्ये तिने लंडनची 'मिल्स अँड बून' विकत घेतली. तिच्याकडे लिहिणाऱ्या अनेकींना टोपणनावाने लिहावं लागे, आणि लेखिका दुसरीकडे गेली तर ते नाव तिला नेता येत नसे. म्हणजे वाचक मिळवायचे बाईने आणि नाव राहायचं कंपनीकडे. लग्नात नाव बदलणाऱ्या आपल्या बायकांना हे समजायला जड जाऊ नये! २००९ मध्ये याच कंपनीने लेखिकांनीच पैसे भरून पुस्तक छापायची शाखा काढली. तेव्हा संघटनेने तिला संमेलनातल्या सवलती नाकारल्या, आणि कंपनीला त्या शाखेवरून स्वतःचं नाव काढून घ्यावं लागलं. आपल्याकडे स्वतःच्या पैशाने संग्रह छापणं इतकं अंगवळणी पडलंय की त्यावर कुणी रागावतही नाही.

मग ई-पुस्तकं आली. जुन्या करारांत अशा विक्रीतून प्रकाशकाला मिळेल त्याच्या निम्मे लेखिकेचे, असं कलम होतं. ऐकायला उत्तम. पण करारातला 'प्रकाशक' होता स्वित्झर्लंडमधली, त्याच घरची एक कंपनी. लेखिकांचं म्हणणं असं की, तिने किमतीच्या सहा ते आठ टक्क्यांवर हक्क आपल्याच घरात दिले आणि त्याच्या निम्मे लेखिकेच्या हातावर ठेवले. म्हणजे शंभर रुपयांच्या पुस्तकामागे तीन-चार रुपये. तीन लेखिकांनी २०१२ साली सगळ्यांच्या वतीने दावा लावला. आधी तो फेटाळला गेला, २०१४ मध्ये अपिलात उभा राहिला, आणि २०१६ मध्ये ४१ लाख डॉलरवर तडजोड झाली. एक शब्द, 'प्रकाशक', आणि त्याची व्याख्या. करार वाचायला शिकवणं म्हणजे काय, ते हे.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे लेखिकेला मिळतं ते 'मानधन'. हा शब्द मला कायम खटकत आलाय. अंगणवाडी सेविकेलाही सरकार पगार देत नाही, मानधन देतं. मान आहे म्हणून धन कमी! डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या त्या याच भांडणासाठी. २०२२ साली ग्रॅच्युइटीच्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्यांचं मानधन हे वेतनच धरलं, ही त्यांच्या लढ्याची कमाई. लिहिणाऱ्या बाईला मात्र शाल-श्रीफळ मिळालं की विषय संपतो. आपल्या संघटनांत भाषांतरं, पत्रकं, अहवाल कोण लिहितं? बायका. रात्री, घरचं आवरून. जे त्रैमासिक हे भाषण छापायचं म्हणतंय तेही लेखिकांना काही देत नाही. संपादक मंडळ समोरच बसलंय, त्यांनी ऐकून घ्यावं.

पण गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच सांगितली असं होईल. ही संघटना मोडकळीला आली, आणि ती बाहेरच्या घावाने नाही. एका कृष्णवर्णीय बाईच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संघटनेत कृष्णवर्णीय लेखिकेला वार्षिक पुरस्कार मिळायला २०१९ साल उजाडलं. २०१८ मध्ये संघटनेनेच कबूल केलं होतं की आजवरच्या अंतिम यादीत अशा लेखिका अर्ध्या टक्क्याहूनही कमी होत्या. आणि २०१९ च्या डिसेंबरात काय झालं? कोर्टनी मिलान या चिनी वंशाच्या लेखिकेने एका जुन्या कादंबरीतल्या चिनी बायकांच्या चित्रणाला वंशद्वेषी म्हटलं, म्हणून संघटनेने तिलाच वर्षभर निलंबित केलं. ती साधी सभासद नव्हती. नीतिविषयक समितीची अध्यक्ष राहिलेली होती. ओरड झाली, दुसऱ्याच दिवशी निर्णय मागे घेतला, पण राजीनाम्यांची रांग लागली आणि २०२० चे पुरस्कार रद्द झाले. नंतर पुरस्काराला व्हिव्हियन स्टीफन्स यांचं नाव दिलं. गेलेल्या बायका त्याने परत येत नाहीत. दहा हजारांची सभासद संख्या दोन हजारांवर आली आणि मे २०२४ मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणं मुख्यतः कुणाचं, तर संमेलनासाठी आधीच ठरवून ठेवलेल्या हॉटेलांचं, सुमारे तीस लाख डॉलर. कार्यशाळांच्या खोल्या आरक्षित होत्या, बसायला माणसं नव्हती.

हे ऐकून 'त्यांच्याकडे वर्ण, आपल्याकडे जात' असं पटकन म्हणून मोकळं होऊ नका. बेबी कांबळे फलटणमध्ये छोटं दुकान चालवत होत्या. 'जिणं आमुचं' त्यांनी वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं, ते १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलं. त्यांना कुठल्या शिबिराचं निमंत्रण गेलं होतं? आजच्या या शिबिराची पत्रकं कुठल्या वस्तीपर्यंत पोचली, ते संयोजक बायकांनी सांगावं. मी जेवणाच्या सुट्टीत विचारणारच आहे.

दुपारच्या सत्राला मी एक डबा आणि कोऱ्या चिठ्ठ्या आणल्यात. प्रत्येकीने नाव न घालता लिहायचं : गेल्या वर्षात काय लिहिलं, कुणासाठी, किती दिवस लागले, किती पैसे मिळाले, आणि कागदावर सही केली असेल तर त्यात काय होतं. काहीच मिळालं नसेल तर शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका. चिठ्ठ्या आपण इथेच फळ्यावर मांडू. ज्यांना लिहिता येत नाही पण ज्यांच्या ओव्या, गाणी कुणीतरी टेप करून नेली आणि पुस्तकात छापली, अशा दोघी-तिघी इथे आहेत. त्यांच्या चिठ्ठ्या शेजारणीने लिहून द्याव्यात.